कासरा कुणाच्या हाती?

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता ओतूर आणि आळेफाटा मागे टाकतो, आणि पारनेर तालुक्याची हद्द लागण्याआधी बेल्हे येते. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले हे मोठे गाव. पुणे आणि नगर (आताचे अहिल्यानगर) या दोन्ही जिल्ह्यांतले शेतकरी बेल्ह्याला ओळखतात ते सोमवारच्या बाजारामुळे, त्यातही बैलबाजारामुळे. खोंडांपासून जुळलेल्या बैलांपर्यंत सारी जनावरे येथे दावणीला उभी असतात. गिऱ्हाईक जबडा उघडून दात मोजते, पाठीवरून हात फिरवते, चार पावले चालवून बघते. भावाची बोलणी रुमालाखाली बोटे धरून व्हायची, ही या व्यवहाराची जुनी रीत.

या बाजाराकडे मी नेहमी थोड्या वेगळ्या कुतूहलाने पाहत आलो आहे. बैल मारका आहे की नाही, औताला बसतो की काय, कुठली खोड लपवली आहे का, हे अर्ध्या तासात कुणालाही कळत नाही. तरीही माणसे घामाचे पैसे मोजतात ती विकणाऱ्याच्या शब्दावर. शब्द खोटा निघाला तर पुढच्या सोमवारी तेच गिऱ्हाईक समोर उभे राहणार, चार माणसांत बोलणार, आणि त्या दावणीकडे मग कुणी फिरकणार नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. उत्तरदायित्व म्हणून ज्याचा आपण सभासंमेलनांतून जड शब्दांत उल्लेख करतो, ती गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. केलेल्या कामाचा जाब द्यावा लागेल, आणि तो ओळखीच्या माणसांसमोर द्यावा लागेल, ही जाणीव म्हणजेच उत्तरदायित्व.

अडचण सुरू होते ती गाव मोठे झाले, व्यवहार दूरवर पसरला आणि समोरचा माणूस अनोळखी झाला की. मग शब्दाची जागा कागदाला घ्यावी लागते. जनावराच्या कानात बिल्ला नसेल तर त्याची खरेदी-विक्री आणि वाहतूक करू नये, असा आदेश राज्य शासनाने १ जून २०२४ पासून लागू केला, तो यातूनच. बाजारातल्या माणसाला हा बिल्ला म्हणजे सरकारी कटकट वाटणे स्वाभाविक आहे. पण २०२२ साली लम्पीची साथ आली आणि राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा कुठले जनावर कुठून आले हे न कळण्याची किंमत याच माणसांनी मोजली होती. ही सांगड कुणी समजावून सांगितली तर बिल्ल्याला अर्थ येतो. नाही सांगितली तर तो कानाला टोचलेला पिवळा तुकडा उरतो. कायदा आणि शिक्षण यांचे नाते इतके साधे आहे. आणि ते नाते तुटले की काय होते, याचा वस्तुपाठ जुन्नर, आंबेगाव, खेड या तीन तालुक्यांनी गेल्या दशकात चांगलाच गिरवला. तो बैलाच्याच निमित्ताने.

बंदीने काय शिकवले?

या भागात यात्रा म्हणजे बैलगाडा. गावदेवतेच्या नवसाचा गाडा घाटात पळवायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा. सातारा-सांगलीकडे मोकळ्या माळावर लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. आपल्याकडे चढणीचा घाट असतो आणि ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठेपर्यंत बारी संपलेलीही असते. निकाल सेकंदांच्या हिशेबाने लागतो. घाटाचा राजा ठरलेल्या गाड्याच्या मालकाचे नाव वर्षभर पंचक्रोशीत घेतले जाते. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांना त्यातली ओढ समजणार नाही. आणि ज्यांनी ते फक्त ओढीने पाहिले, त्यांना त्यातली काठी, शेपटीचा चावा आणि विजेचा धक्का देणारी बॅटरी दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच घाटात होत होत्या, हे आधी मान्य केले पाहिजे.

जुलै २०११ मध्ये केंद्र शासनाने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. राज्य शासनाने त्यापाठोपाठ शर्यतींना मनाई केली आणि मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही ७ मे २०१४ च्या निकालाने बंद झाल्या. राज्य विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली, तर त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिला अटकाव केला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. थोडक्यात, जवळजवळ दहा वर्षे हा प्रश्न न्यायालयांच्या पायऱ्यांवर उभा होता.

या दहा वर्षांत गावात काय घडत होते? शर्यती पूर्णपणे थांबल्या, असे कुणी म्हणणार नाही. भल्या पहाटे, आडबाजूच्या माळावर त्या चोरून होत राहिल्या. पोलीस आले की पळापळ. सापडेल त्यावर गुन्हा. विशी-पंचविशीतल्या पोरांची नावे पोलीस ठाण्याच्या दप्तरी चढली. ज्या शर्यतीला पूर्वी सारा गाव, वडीलधारी मंडळी, पंच हजर असत, ती चोरीछुपे होऊ लागल्यावर बैलाला कोण मारतो, किती मारतो, हे पाहणारे डोळेच कमी झाले. बंदीने क्रौर्य संपले असेल तिथे संपले. जिथे संपले नाही तिथे ते नजरेआड गेले.

यावरून बंदीच चूक होती, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. न्यायालयासमोर जे पुरावे आले होते ते गंभीर होते, आणि मुका प्राणी स्वतःची बाजू मांडू शकत नाही म्हणून कायद्याने त्याच्या बाजूने उभे राहावे, हे तत्त्व सुसंस्कृत समाजाला शोभणारेच आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. बंदी आली, पण ती का आली हे सांगायला गावात कुणीही आले नाही. २०१४ चा निकाल मराठीत, सोप्या भाषेत, चावडीवर कुणी वाचून दाखवला? शाळेत त्यावर एखादा तास झाला? पशुवैद्यकीय दवाखान्याने बैलाच्या शरीरावर धावण्याचा, भीतीचा, माराचा काय परिणाम होतो यावर गाडामालकांची बैठक घेतली? कायदा गावात आला तो फौजदाराच्या जीपमधून. मग लोकांनीही त्याच्याशी फौजदाराशी वागावे तसेच वागायचे ठरवले: समोर आला की नमस्कार, पाठ फिरली की मोकळे रान.

हे केवळ खेड्याचे वैशिष्ट्य आहे, असे पुणेकरांनी मानू नये. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले ते विद्येच्या या माहेरघरात. डोके स्वतःचे, जीव स्वतःचा, तरी ते वाचवण्याचा नियम हा आपल्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटला. जे शिक्षण माणसाला स्वतःच्या डोक्याची काळजी घ्यायला शिकवत नाही, ते बैलाच्या पाठीची काळजी घ्यायला शिकवेल, अशी अपेक्षा कशी करणार?

पन्नास रुपये आणि पाच लाख

कायद्याच्या बाजूनेही दोन दोष स्पष्ट दिसतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा मूळ केंद्रीय कायदा १९६० चा. जनावराला मारहाण केल्याच्या पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे तो १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. सहा दशकांपूर्वी या रकमेला काही वजन असेल. आज बाजारात एका चहा-वड्याला त्याहून अधिक पैसे पडतात. ज्या गुन्ह्याची किंमत शासन पन्नास रुपये ठरवते, तो गुन्हा लोकांनी गंभीर का मानावा?

याच्या उलट टोकाला महाराष्ट्राची २०१७ ची दुरुस्ती आहे. शर्यतीच्या अटी मोडून बैलाला वेदना दिल्या तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. ऐकायला हे फार करारी वाटते. पण अशा शिक्षेसाठी साक्ष लागते आणि ती देणार कोण? ज्याच्या शेताला ज्याचा बांध लागून आहे, तो? ज्याच्या घरी पोरीची सोयरीक जुळवायची आहे, तो? शिक्षा जितकी जबर, तितके गावातले तोंड घट्ट मिटते. खालच्या टोकाला हसण्यावारी नेण्याजोगा दंड आणि वरच्या टोकाला वापरताना हात थरथरावा अशी शिक्षा, या दोहोंच्या मधली जागा मोकळीच आहे. चुकलेल्या गाड्याची बारी तिथल्या तिथे बाद होणे, त्या मालकाला वर्षभर घाट बंद होणे, यात्रा समितीला पुढच्या वर्षी परवानगी मिळण्यात अडचण येणे, अशा मधल्या, नेमक्या, खात्रीच्या शिक्षा माणसाला अधिक लवकर वळण लावतात. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती किती नक्की आणि किती लवकर, याने वागणूक बदलते, हे शाळामास्तरालाही कळते आणि न्यायाधीशालाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. शर्यतींना परवानगी मिळाल्यावर २०२२ साली राज्य शासनाने बंदीच्या काळात दाखल झालेले खटले मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. पोरांच्या नोकरीच्या, चारित्र्याच्या दाखल्याच्या अडचणी लक्षात घेता या निर्णयामागची कणव मी समजू शकतो. त्यात कुणी दरोडेखोर नव्हते. पण त्या निर्णयाबरोबर एक धडाही गावोगाव पोचला: नियम मोडणारे संख्येने पुरेसे असतील, आणि त्यांच्यामागे मतांचे पाठबळ असेल, तर नियमच नमतो. याच काळात ज्या गावांनी कायदा मानून घाट बंद ठेवले, यात्रा शर्यतीविना केल्या, त्यांचे कुणी कौतुक केले? खटले मागे घेताना प्रत्येकाकडून प्राणी-कल्याणाच्या नियमांचे एक दिवसाचे शिक्षण घेतल्याचे, किंवा पशुवैद्यकीय शिबिरात चार दिवस श्रमदान केल्याचे हमीपत्र घेता आले असते. गुन्हा पुसला गेला असता आणि शिकणेही झाले असते. आपण पुसण्याचे काम केले, शिकवण्याचे राहून गेले.

तरीही या सगळ्या प्रकरणाची एक उजळ बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. बंदीच्या काळात गाडामालकांनी संघटना बांधली, मोर्चे काढले, पण त्याचबरोबर ते न्यायालयात गेले. जे शेतकरी सात-बाराच्या उताऱ्यापलीकडे सरकारी कागद वाचत नसत, ते अधिसूचना, स्थगिती, प्रतिज्ञापत्र हे शब्द सहज बोलू लागले. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांचा अहवाल न्यायालयापुढे मांडावा लागतो, केवळ ‘आमची परंपरा’ म्हणून भागत नाही, हे त्यांना उमगले. १ जानेवारी २०२२ रोजी आंबेगाव तालुक्यात लांडेवाडीला परवानगीनंतरची शर्यत ठरली होती. करोनाचे कारण देऊन प्रशासनाने आयत्या वेळी ती रद्द केली. इतक्या वर्षांनी आलेला दिवस हातचा गेला. लोक नाराज झाले, पण थांबले. नागरिकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हा धडा मोठा होता.

ओतूरची आठवण

जुन्नर तालुक्याला हे नवे नाही. याच मुलखात ओतूरला १८८० च्या दशकात सत्यशोधक विचाराचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी पुरोहिताविना घरचे लग्न लावले. गावजोशांनी दक्षिणेचा वंशपरंपरागत हक्क सांगत कोर्ट गाठले आणि तो वाद थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. महात्मा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे होते. या घटनेतली जी गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती अशी, की एका शेतकऱ्याने आधी शिकून घेतले, मग रूढी बाजूला ठेवली, आणि तिचा जाब विचारला गेला तेव्हा तो पळाला नाही. कायद्यासमोर उभा राहिला. आपण जे केले ते आपण केले, आणि का केले ते सांगतो, ही भूमिका घेणे म्हणजेच नागरिक होणे. रात्री माळावर शर्यत करून सकाळी ‘आम्ही नव्हतोच’ म्हणणे याच्या नेमके उलट आहे. जो कायदा अन्यायाचा वाटतो त्याला उघडपणे विरोध करता येतो. लपून मोडला की विरोधही उरत नाही आणि नीतीही.

फुल्यांनी शिक्षणाला सर्व सुधारणांच्या मुळाशी ठेवले ते याच कारणासाठी. अक्षरओळख झाली म्हणजे माणूस आपोआप जबाबदार होतो, असा भाबडा समज त्यांचा नव्हता. ज्ञान मिळाले की प्रश्न विचारण्याची आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची, दोन्ही ताकद येते. आपण पहिलीवर थोडेफार काम केले, दुसरीकडे दुर्लक्ष केले.

पुस्तकातले एक पान

घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याचे बालभारतीचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडून पाहा. सुरुवातीच्या पानांत संविधानाची उद्देशिका आहे आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्येही छापलेली आहेत. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्ये आली. २००२ साली अकरावे जोडले गेले, ते मुलांना शिकवण्याची जबाबदारी पालकांवर टाकणारे. मुले हे पान रोज उलटतात. त्यावर परीक्षेत फारसे विचारत नाहीत, म्हणून ते वाचायचे कारण नसते.

आता गंमत पाहा. या यादीतले सहावे कर्तव्य आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपायला सांगते. सातवे निसर्गाचे रक्षण करायला आणि प्राणिमात्रांबद्दल दया बाळगायला सांगते. आठवे वैज्ञानिक दृष्टी अंगी बाणवायला सांगते. बैलगाड्याचा दहा वर्षांचा सगळा वाद या तीन ओळींच्या मध्ये उभा आहे! २०१४ च्या निकालाने सातव्या-आठव्या कर्तव्यावर भर दिला. २०२३ च्या निकालाने लोकपरंपरा काय आहे हे ठरवण्याचा विधिमंडळाचा अधिकार मान्य केला. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवायला यापेक्षा चांगला धडा कुठल्या तज्ज्ञ समितीने शोधून दिला असता? पण आपल्या वर्गात राष्ट्रपतींची निवड कशी होते हे पाठ करून घेतात, आणि शाळेच्या मागच्या घाटात काय चालले आहे यावर अवाक्षर निघत नाही. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला हा विषय, थोड्या गुणांचा, म्हणून थोड्या वेळाचा.

कायद्याने शिक्षणाला हात दिल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितले आणि २००३ साली त्याचा पाठपुरावाही केला. विषय आला, पुस्तके आली. पण पर्यावरणाची वही पुस्तकातून उतरवून काढण्यात, प्रकल्प बाजारातून तयार आणण्यात अनेक ठिकाणी आपण धन्यता मानली. म्हणजे कायदा विषय आणू शकतो. विषयात जीव आणायचे काम शिक्षकाचे, पालकाचे आणि गावाचे.

जमाखर्चाची वही

मग करावे काय? माझ्या मते नवे काही शोधून काढण्याची गरज नाही. आपल्याकडे आहे त्याच गोष्टी एकमेकींना जोडायच्या आहेत.

यात्रा संपली की देवळात बसून वर्गणीचा जमाखर्च वाचून दाखवायचा, ही अनेक गावांची जुनी पद्धत. किती पट्टी जमली, तमाशाला किती दिले, मांडवाला किती लागले, शिल्लक काय. कुणीही उठून विचारू शकतो आणि समितीला उत्तर द्यावे लागते. या हिशेबाला शर्यतीचा हिशेब जोडता येईल. किती बाऱ्या झाल्या, किती बैलांना दुखापत झाली, पशुवैद्यकाने काय लिहिले, कुठली बारी काठी किंवा बॅटरीमुळे बाद केली, प्रेक्षकांत कुणी जखमी झाले का, चित्रीकरण कुठे ठेवले आहे. हा कागद पुढच्या ग्रामसभेत वाचला जावा आणि फलकावर लागावा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले आहे. वर्षातून ठराविक वेळा ती भरते. पण घरकुलांची यादी सोडली तर तिच्यापुढे लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय क्वचितच येतो. बैलगाडा हा विषय आला तर सभेला गर्दी होईल की नाही, हे मी सांगायला नको.

ग्रामसभेने स्वतः केलेला नियम किती पाळला जातो हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. पारनेरमध्ये राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यात हिवरे बाजार ही दोन्ही गावे बेल्ह्यापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान हे तिथे मुंबईहून आलेले हुकूम नव्हते. पावसाचे पाणी मोजून त्यावर पिके ठरवायची, हे हिवरे बाजारने सभेत बसून ठरवले आणि म्हणून ते टिकले. शेजाऱ्याच्या साक्षीने स्वीकारलेला नियम मोडताना माणसाला फौजदाराची नाही, शेजाऱ्याच्या नजरेची भीती वाटते. बेल्ह्याच्या बैलबाजारात खोड लपवताना वाटते तीच ही भीती.

दुसरे काम शाळेचे. परवानगीच्या अटी नववी-दहावीच्या मुलांकडून सोप्या मराठीत लिहून घ्याव्यात आणि तोच कागद घाटाच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लावावा. चाबूक, काठी, विजेचे साधन यांना मनाई. धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नको. पशुवैद्यकाचा दाखला आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. नियम मुलाने स्वतः लिहिला की बाप तो मोडताना दोनदा विचार करतो. बाऱ्यांची नोंद ठेवायला मुलींना बसवावे. घाट हा आजवर पुरुषांचा आखाडा राहिला आहे. घरातला बैल सांभाळण्यात, वैरण-पाण्यात बायकांचा हात असतो, पण शर्यतीत त्यांना विचारत कोण? नोंदवही त्यांच्या हाती गेली तर नियमांना एक नवा, कडक पहारेकरी मिळेल. माईकवरचा निवेदकही शिक्षकच असतो. गाडामालकांची स्तुती करता करता त्याने दर तासाला अटी वाचून दाखवल्या आणि बाद झालेल्या बारीचे कारण मोठ्याने सांगितले, तर हजारो लोकांचा वर्ग भरल्यासारखे होईल.

तिसरी जबाबदारी शासनाची आणि पुढाऱ्यांची. २०२३ च्या निकालात घटनापीठाने नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी व सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे. म्हणजे उत्तरदायित्व एकट्या गाडामालकाचे नाही. दिलेल्या परवानग्या, झालेल्या तपासण्या, झालेल्या कारवाया यांची माहिती वर्षाअखेरीस तालुक्याच्या ठिकाणी लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे? माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. त्यातच शासनाने आपण होऊन माहिती द्यावी असे म्हटले आहे. अर्ज करायची वाट पाहायची गरज नाही. आणि मोटारसायकल, ट्रॅक्टर, थेट जेसीबी अशी बक्षिसे लावून शर्यतीला आपल्या प्रचाराचे मैदान करणाऱ्या नेत्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की बक्षीस जितके मोठे तितका गाडीवानाचा हात बॅटरीकडे जाण्याचा मोहही मोठा. शर्यत नवसाची राहील की जुगाराची होईल, हे बक्षीस ठरवते.

बैल म्हातारा झाल्यावर

एक प्रश्न मात्र शर्यतीच्या बाहेरचा आहे आणि तो टाळता येणार नाही. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये देशातला नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला, तर गाई १८ टक्क्यांनी वाढल्या. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम गेले. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. मग थकलेल्या, न विकल्या जाणाऱ्या बैलाचे करायचे काय? खिल्लार जात टिकली ती शर्यतीमुळे, असे गाडामालक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण ज्या बैलाने घाटाचा राजा म्हणून मिरवून दिले, त्याचे गुडघे गेल्यावर त्याला पेंढीभर वैरण मिळते का, यावर त्या प्रेमाची परीक्षा आहे. काही मालक अशा बैलाला शेवटपर्यंत घरच्या माणसासारखे सांभाळतात. पण सगळ्यांना ते परवडत नाही, आणि कायदा करणाऱ्यांनी त्याचा खर्च कुणी उचलायचा हे नीट सांगितलेले नाही. मनाई करणारा कायदा जबाबदारी वाटून देत नसेल तर ती गरिबाच्या दावणीला बांधली जाते. शर्यतीच्या प्रवेश फीतून आणि बक्षिसांच्या रकमेतून ठराविक हिस्सा निवृत्त बैलांच्या चाऱ्यासाठी राखून ठेवण्याची अट परवानगीतच घातली, तर परंपरा, दया आणि व्यवहार या तिघांचीही बूज राखली जाईल.

बैलाच्या नाकात वेसण असते आणि तिचा कासरा धन्याच्या हातात असतो. कासरा सारखा ओढला तर नाक फाटते. मोकळा सोडला तर गाडी उलटते. चांगला गाडीवान तो हलका धरतो, पण सोडत नाही. कायद्याचेही तसेच आहे. ओढणाऱ्या हाताला केव्हा ओढायचे आणि केव्हा ढील द्यायची हे कळावे लागते, आणि ते कळणे म्हणजेच शिक्षण. पुढच्या चैत्रात जुन्नर-आंबेगावचे घाट पुन्हा सजतील. त्याआधीच्या ग्रामसभेत गेल्या यात्रेचा हिशेब मागायला एखादा जरी माणूस उठला, आणि समितीने त्याला खाली न बसवता उत्तर दिले, तर दहा वर्षांच्या कोर्टकचेऱ्यांतून आपण काही शिकलो, असे म्हणता येईल.